पॅनमनकडून शिकलेला इंजेरा

माझ्या मित्राने वयाची पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या घरी स्वयंपाक केला, तो उन्हाळ्यातल्या एका रविवारी. घरी आम्ही चौघे होतो. तो, त्याची बायको, शिरूरला खताचं दुकान चालवणारा आमचा तिसरा शाळासोबती आणि मी.

तो दौंड तालुक्यात राहतो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना भीमेचा पूल ओलांडला की पुढे एक वस्ती लागते, तिथे. धंद्याने पॅनमन. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून दाणा पाडण्याचं जे शेवटचं मोठं भांडं असतं त्याला पॅन म्हणतात. ते सांभाळतो तो पॅनमन. पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन, दिव्यासमोर धरून, दाणा केवढा झाला हे तो नजरेने ठरवतो. मग अंगठा आणि बोटात चोळून खात्री करतो. आपल्याकडच्या कारखान्यांवर वीसेक हंगाम काढल्यावर तो इथिओपियातल्या एका साखर कारखान्यावर गेला. तीन वर्षं राहिला. पहिली दोन वर्षं सुट्टीत घरी आला. तिसऱ्या वर्षी आला नाही, थेट मुदत संपल्यावर परतला.

गेला तेव्हा त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. हे अंदाजाने लिहीत नाही. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा महिनाभर तो सकाळच्या चहासाठी चौफुल्याला जात होता, आणि तिथून एकदा शिरूरपर्यंत येऊन त्याने माझ्याकडे दुसरा चहा घेतला होता.

त्या रविवारी त्याने इंजेरा केला. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं, परातीएवढं मोठं, एकाच बाजूने भाजलेलं मऊ धिरडं. वरून सगळी जाळी. त्यावर मधोमध शिरो ओततात, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं तिखट कालवण. त्याने पितळी परातीत इंजेरा पसरला, परात आमच्या मधे ठेवली आणि सगळ्यांनी त्यातूनच खायचं म्हणाला.

"एकाच परातीत? उष्टं न्हाई व्हायचं?" दारातून वहिनी म्हणाल्या.

"तिकडं असंच खात्यात. बस तूबी."

"माझं मागनं बघू."

दुकानदार मित्राने एक तुकडा तोडून उजेडाकडे धरला. "आरं लेका, हे तर आंबलेलं धिरडं आन् पिठलं. एवढ्यासाठी इमानात बसलास व्हय?"

"खाऊन बघ, मग बोल."

खाल्लं. पहिल्या घासाला आंबटपणा जास्त वाटला, तिसऱ्याला तो शिरोच्या तिखटाशी जुळला. दुकानदार मित्र बोलायचा थांबला, आणि तो थांबतो तेव्हा पदार्थ चांगला असतो.

मग मित्राने एक मोठा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळलं आणि तो घास माझ्या तोंडासमोर आणला. पन्नाशी पार केलेल्या दोन पुरुषांत असं होत नाही. घास आधी माझ्या मिशीला लागला, मग तोंडात गेला.

"आरं नीट भरव की! मिशी उपाशी हाय का त्याची?" दुकानदार मित्र हसला. "आन् वहिनींना? लग्नात भरवलावता का न्हाई, ते तरी आठवतंय का?"

त्याने दुसरा घास केला आणि वहिनींच्या दिशेने धरला. वहिनींनी तोंड फिरवलं.

"ही सवय कुठली?"

"तिकडं समदेच भरवत्यात एकमेकास्नी. मान असतो तो."

"समदे म्हंजी कोण?"

घास स्वतःच खाल्ला.

त्याच संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर अनेक वर्षं काढून शिरूरला परतलो आहे. बातमीशी संबंध संपला, तरी ओळखीच्या माणसांच्या दृष्टीने मी अजून पेपरवालाच.

"भाऊजी, तुम्ही पेपरवाले. एक शोधून द्या. ह्यांना ह्ये कुणी शिकवलं?"

"तिकडे राहिल्यावर शिकला असेल."

"पुस्तकातनं असा हात येत न्हाई. तवा पुसताना बघितला का त्यांचा हात? बाईचा हात हाय तो. कुणाच्या तरी शेजारी बसून शिकल्यात." मग म्हणाल्या, "बाई असंल तर तसं सांगा. मी रडणार न्हाई, भांडणार न्हाई. इनामगावला भावाकडं जाईन आन् माघारी येणार न्हाई. पण कळलं पायजे."

त्या हे बोलल्या ते शांतपणे, म्हणून मी ते खरं धरलं.

चौकशीसाठी कारण हवं होतं. मी मित्राला म्हणालो, मला इंजेरा शिकायचाय. तो खूश झाला. पुढचे तीन रविवार मी सकाळच्या गाडीने त्याच्या वस्तीवर गेलो. शिकायला गेलो हे खरं, आणि पाळत ठेवायला गेलो हेही खरं.

इंजेरा तिथे टेफ नावाच्या धान्याचा करतात, खसखशीएवढा दाणा. बॅगेतून आणलेलं टेफचं पीठ त्या पहिल्या जेवणातच संपलं होतं. पुढचं सगळं शाळूच्या पिठावर. ज्वारी गिरणीतून दोनदा बारीक करून आणायची, पाण्यात सैल कालवायची, बादलीवर फडकं बांधून तीन दिवस ठेवायची. वर जे पिवळट पाणी येतं ते ओतून घ्यायचं आणि पुढच्या खेपेला विरजणासारखं वापरायचं. मग त्या पिठातलंच वाटीभर वेगळं काढून पाण्यात शिजवायचं आणि ती पातळ पेज परत बादलीत ओतायची. तासाभरात पीठ फुगून वर येतं. ही पेज घातली नाही तर जाळी पडत नाही. पहिल्या रविवारी मी ती विसरलो आणि माझा इंजेरा साध्या धिरड्यासारखा सपाट झाला.

तवा त्याने एका आचाऱ्याकडून आणला होता, लग्नाच्या स्वयंपाकाचा, सपाट आणि जाड. पीठ ओतायचं ते कडेपासून सुरू करून गोल फिरत मध्यापर्यंत. तो ओतायला लागला की धार तुटत नसे. ओतून झालं की तो मान एका बाजूला कलती ठेवून थांबायचा.

"जाळी पडली का बघ," तो मला म्हणायचा.

"पडली."

"आता झाक. चर्र आवाज बसला पायजे. बसला की काढायचं. उलटायचं न्हाई."

झाकण काढून तो इंजेऱ्याखाली सूप सरकवायचा आणि अख्खा इंजेरा न मोडता परातीत घ्यायचा. दर वेळी मला विचारायचा, जाळी पडली का. मी समजलो, शिकवणारा परीक्षा घेतोय.

शिरोचा कांदा तो तेलाशिवाय परतायचा. वहिनी दारातून म्हणाल्या, "बिनतेलाचा कांदा? करपंल की."

"न्हाई करपत. हालवत ऱ्हायचं. वास बदलला की तेल."

"हेबी शिकवलं का?"

"व्हय."

"कुणी?"

"मेसमधी."

त्या आत गेल्या. पदराने तोंड पुसत परत आल्या आणि माझ्याकडे बघून भुवई उचलली. म्हणजे, लिहून घ्या.

मी खरंच लिहून घेत होतो. दुसऱ्या रविवारी मी त्याला सरळ विचारलं, "तिकडे इंजेरा कोण करतं?"

"बायका. गडी माणूस हात लावत न्हाई त्याला."

"मग तू?"

"मी शिकलो."

विचारलं होतं एक, उत्तर मिळालं दुसऱ्याच प्रश्नाचं. अशी उत्तरं डेस्कवर मी लाल पेनाने परत पाठवत असे.

आणखीही काही होतं. तो बोलताना डोळ्यांत बघत नव्हता. समोर बसलं की त्याची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी असायची. पूर्वी तो असा नव्हता. फोन आला की अंगणात जाऊन कानाला लावायचा. मेसेज वाचायचा नाही, फक्त आवाजी संदेश ऐकायचा, आणि त्यातले काही बाईच्या आवाजात होते, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत. वहिनींनी मला ते भिंतीआडून ऐकवले. मोटरसायकल गोठ्यात कापडाखाली उभी होती. बाजाराला तो एसटीने किंवा कुणाच्या तरी मागे बसून जायचा. गाडीचं इंजिन धरतंय म्हणायचा. वहिनींनी मेकॅनिकला बोलावलं, तर पहिल्या किकला चालू झाली. जवळच्या कारखान्यातून येत्या हंगामासाठी दोनदा निरोप आला होता. तो "बघू" म्हणाला होता.

"माघारी तिकडंच जायचं असंल," वहिनी म्हणाल्या. "म्हणून हितलं काम धरत न्हाईत."

मलाही तसंच वाटू लागलं होतं. सगळी चिन्हं एकाच बाजूला जात होती.

त्याच कारखान्यावर काम करून आलेला एक फिटर श्रीगोंद्याकडे असल्याचं कळलं. त्याला फोन लावला, मित्राचं नाव घेतलं.

"ते व्हय? शेवटच्या सीझनला ते पॅनवर नव्हतेच."

"मग कुठे होते?"

"ते त्यांनाच इचारा. मी कुणाच्या संसारात पडत न्हाई."

त्याने फोन ठेवला. मी बराच वेळ 'संसार' हा शब्द कागदावर लिहून बघत बसलो. वहिनींना मात्र हे कळवलं नाही. एका माणसाने सांगितलेली अर्धी गोष्ट छापायची नसते, असं आम्हाला शिकवलं होतं. त्याला शिस्त म्हणावं की टाळाटाळ, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा वहिनी ओसरीवर उभ्या होत्या. हातात ताट, ताटात ज्वारी. दाराच्या आत, भिंतीला टेकवून, एक भरलेली पिशवी दिसत होती.

"आधी एवढी निवडून द्या, मग करा तुमचं काय ते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तो हसला. "आता निवडायबी लावती मला."

"तिकडं समदं करत व्हता न्हवं?"

तो ओसरीच्या कडेला बसला. लख्ख ऊन होतं. त्याने ताट मांडीवर घेतलं आणि ज्वारी बोटांखालून सरकवू लागला. अंगठा आणि पहिलं बोट, चोळल्यासारखं. खडा लागला की उचलून बाजूला टाकायचा. हात झपाट्याने चालत होता. नजर मात्र ताटावर नव्हती, रस्त्याकडे होती.

वहिनी माझ्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"झालं," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.

वहिनींनी ताट माझ्यासमोर धरलं. खडा एकही नव्हता. पण रोगाने काळे पडलेले मूठभर दाणे ज्वारीत तसेच होते, पांढऱ्यावर काळे, चार पावलांवरून दिसतील असे. आकाराने इतर दाण्यांएवढेच. बोटाला त्यांच्यात फरक लागत नव्हता.

"मीच घातलं व्हतं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "काल रस्त्यात माझ्या अगदी शेजारनं गेले, हाक मारली तवा थांबले. मग डोक्यात आलं."

मी तीन रविवार टिपणं काढत होतो. त्यांनी एक ताट पुढे केलं होतं. कानापलीकडे जाणारी नजर, मिशीला लागलेला घास, न वाचलेले मेसेज, दर वेळी "जाळी पडली का बघ": हे सगळं माझ्या वहीत होतं, आणि मी त्याचा एकच अर्थ लावून बसलो होतो.

वहिनींनी त्याला लगेच काही विचारलं नाही. दुकानदार मित्र येईपर्यंत थांबल्या. इंजेरे मी घातले. पहिल्यांदाच सगळे नीट निघाले. परात मधे आली तशा वहिनी पदर खोचून आमच्यात बसल्या. आधीच्या जेवणांना त्या बसल्या नव्हत्या.

"आज सूर्य कुठनं उगवला?" दुकानदार मित्र म्हणाला.

"थांबा भाऊजी जरा." वहिनींनी ज्वारीचं ताट नवऱ्यासमोर सरकवलं. "ह्यात काळं दाणं किती हायत, सांगा."

तो ताटाकडे वळला. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. मग ताट हळूच बाजूला सारलं.

"कवापासनं?" वहिनींनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासनं." "मधोमध काळं दिसतं. कडंचं दिसतं. डॉक्टर म्हणला, रक्तातल्या साखरंनं डोळ्याचा पडदा गेलाय. काचंवर दाणा दिसंना. एक पॅन बिघडवला, समदा माल परत इरघळवाया लागला. सायेब म्हणले, घरी जाता का? म्हणलं, घरी नको. दुसरं कायबी द्या."

"म्हणून त्या वर्षी सुट्टीला आला न्हाईत."

"व्हय. इंडियन मेसमधी टाकत व्हते. तिथं आपल्या भागातली माणसं. म्हणलं, तिथं नको, कामगारांच्या मेसमधी टाका. तिथं एक बाई व्हती, मुख्य. तिच्या हाताखाली. आधी भांडी, मग पीठ कालवायचं. हाताला कळतंय म्हणल्यावर तवा दिला."

"म्हंजी बाई व्हतीच."

"साठीची असंल. मी उजवीकडचं भांडं डावीकडं ठिवलं की चमच्यानं हाणायची. आता निरोप पाठवती, डोळं दाखवलं का म्हणून."

"हेबी तुम्हीच सांगताय."

"व्हय. मीच सांगतोय."

इंजेरा कडेने वाळायला लागला होता.

"बाई असती तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला होता, पहिल्यांदाच. "तिला शिव्या घालून मोकळी झाले असते. आता कुणाला घालू? आख्ख्या वस्तीला सांगत फिरले, आमचं मालक तिकडं मोठं सायेब हायत. दादाला सांगितलं. आन् तुम्ही तिथं भांडी घासत व्हता. मला एका फोनवर सांगता आलं न्हाई?"

"लाज वाटली."

"आन् मी महिनाभर काय काय मनात आणत बसले, त्याची न्हाई वाटली?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलं असंल डोळ्याचं. तू बोलत न्हाईस म्हणलं."

"मला काय कळलं व्हतं ते ह्या भाऊजींना इचारा."

त्याने माझ्या दिशेने मान वळवली. मी सांगितलं. फोन, चौकशी, श्रीगोंद्याचा फिटर, सगळं, क्रमाने. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी इंजेरा शिकायचा नव्हताच तुला."

"शिकलो की."

"मी नीट शिकवला म्हणून."

जेवण कुणी नीट केलं नाही. वहिनी उठल्या, हात धुतले आणि दाराआडची पिशवी घेऊन बाहेर आल्या. ती रिकामी करतील असं मला वाटलं होतं.

"गाडी आणलीया न्हवं?" त्या दुकानदार मित्राला म्हणाल्या. "इनामगावला सोडा."

"म्हंजी चाललीस?" मित्राने विचारलं.

"तुम्हीबी चला. दादाला तुम्ही सांगायचं. मी त्याला एकदा खोटं सांगून बसले, आता खरं मी न्हाई सांगणार. तुमच्या तोंडानं सांगा. त्याचं ऐकून मग ठरवीन, पिशवी कुठं उतरवायची ते."

चौघे निघालो. न्हावरं मागे पडलं. घोडनदीच्या काठाने गाव दिसायला लागलं तेव्हा मित्राने विचारलं, आलं का, आणि दुकानदार मित्र म्हणाला, आलं. आधीच्या आठवड्यांत हाच प्रश्न ऐकला असता तर माझ्या वहीत त्याचीही नोंद झाली असती.

वहिनींचा भाऊ पांढरीच्या, म्हणजे उजाड जुन्या वस्तीच्या, टेकाडाशेजारी राहतो. त्याने बाज टाकली, पाणी आणलं, बहिणीच्या हातातली पिशवी बघितली. मित्राने बसल्या बसल्या सुरुवात केली. डोळे, बिघडलेला पॅन, मेस, तिथली बाई, भांडी. काही लपवलं नाही. वहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या, पिशवी हातातच.

भावाने सगळं ऐकलं. मग जरा पुढे सरकून, बहिणीकडे न बघता, मेहुण्याला म्हणाला, "आन् ती बाई कोण, पावणं? स्वयपाक शिकवणारी?"

मित्राने तोंड उघडायच्या आत वहिनी बोलल्या. "मेसची स्वयपाकीण. साठीची. चमच्यानं हाणायची ह्यांना."

"तुला कसं ठावं?"

"ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. मग भावाला विचारलं, नवऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला उद्या त्याची गाडी मोकळी आहे का.